वाघानं दिलेला शब्द

१

दिवाळीच्या अमावास्येची सकाळ होती. डोळखांबच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर, गोदू म्हातारी बैलाला पेंढा घालायला खळ्यावर गेली. भाताच्या पेंढ्या रचलेल्या उडवीत तिने हात घातला, तर हाताला पाय लागला. लहानसा पाय, गार पडलेला. म्हातारीने अशी बोंब ठोकली की खालच्या शाळेपर्यंत ऐकू गेली.

उडवीतून निघाली ठमी. आठ-नऊ वर्षांची पोर. श्वास चालू होता. डावा हात कोपराखाली मोडलेला, पाठीवर वळच वळ. मार खाऊन पळत सुटलेली पोर उबेला म्हणून पेंढ्यात शिरली असणार, हे बघणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं.

"कुनी मारला गो तुला?" गोदूने तिला मांडीवर घेत विचारलं.

ठमीने डोळे उघडले. भोवती अख्खा पाडा जमला होता. तिने सगळ्यांकडे एकवार पाहिलं आणि सांगितलं, "वाघानं."

जमलेली माणसं एक पाऊल मागे सरली. जंगलखात्याचा शिपाई आला, चिखलात खुणा शोधून गेला. शहापूरच्या डॉक्टरांनी हाताला प्लास्टर घातलं आणि कागदावर लिहिलं की हे वळ काठीचे आहेत. आता काठी घेऊन हिंडणारा वाघ शहापूर तालुक्यातच काय, अख्ख्या सह्याद्रीत कुणी पाहिलेला नव्हता. पण ठमी काही आपलं बोलणं बदलेना.

२

मुरबाडच्या बाजारपेठेत रंजिता वेखंडे शिवणाचा क्लास चालवायची. बाई हाताने हुशार, पण मन कधी ठिकाणावर नसायचं. पाय मशीनवर आणि बाईसाहेब कुठल्या तरी ढगात. एकदा तिने गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला तीन बाह्या बेतल्या होत्या, असं क्लासच्या मुली पाठीमागे सांगत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

अशा बाईला कोर्टात कोण उभं करील? पण ते २००४ साल होतं. मुलांची प्रकरणं बघायला नवी समिती बसू लागली होती. समितीला सगळा तालुका कोर्टच म्हणे. तिथे पोलीस बोलत, नातेवाईक बोलत, डॉक्टरांचा कागद बोले. ज्याच्यावर बेतलं ते पोर तेवढं गप्प राही. म्हणून एका संस्थेने गावोगावची माणसं जमवली होती. त्यांनी मुलाला भेटायचं, त्याच्या घरी जायचं आणि समितीपुढे त्याच्या बाजूने बोलायचं. पगार नाही, एस्टीचं भाडंसुद्धा पदरचं. रंजिता पहिल्याच सभेत नाव देऊन आली. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. मुलं तिला आवडत, आणि गप्प बसलेलं मूल बघितलं की तिला राहवत नसे, एवढं खरं.

ठमीचं प्रकरण समितीला फार सोपं वाटलं. बाप वारलेला. आई भिमी पोरीला सोडून कसाऱ्याला खडीच्या कामावर गेलेली. परत आली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. म्हणजे आईच बेजबाबदार. समोर बसला होता नथू, ठमीचा सख्खा काका. इस्त्रीचा सदरा, हातात पुतणीसाठी आणलेला नवा फ्रॉक. तो मुकादम होता. पाड्यावरच्या माणसांना कामाला न्यायचं ते त्यानेच. भिमी आणि ठमी राहायच्या त्याच्याच घरात.

"पोर आमच्या रक्ताची हाय, बाईसाहेब," नथू म्हणाला. "आईनं टाकली म्हनून मी टाकीन का? मी संभालतो तिला."

समितीच्या अध्यक्षबाईंचे डोळे पाणावले. पुढच्या बैठकीत मुलीला काकांच्या स्वाधीन करायचं असं जवळजवळ ठरलंच. तोवर ठमी मुरबाडच्या एका मुलींच्या वसतिगृहात राहणार होती. रंजिताला सांगण्यात आलं की जाऊन भेटा, आणि तेवढं ते वाघाचं खूळ तिच्या डोक्यातून काढा.

रंजिता गेली. तिने काहीच विचारलं नाही. बाहुलीसाठी एक चिंधी घेऊन टाके घालत बसली आणि सवयीप्रमाणे तिचं मन भटकायला निघून गेलं. ही बाई आपल्याकडे बघतसुद्धा नाही म्हटल्यावर ठमीच सरकत सरकत जवळ आली.

"तुमच्या पाड्यावर कोण कोण असतं गं?" रंजिताने सुईत दोरा ओवताना विचारलं.

"आई. गोदू आजी. मंगळ्या."

"मंगळ्या कोण?"

"बैल हाय," ठमी म्हणाली. एवढंही कसं ठाऊक नाही, असं तिच्या तोंडावर दिसलं. "नि धर्मा आजा. तो मला बोरा देतो. नि ती लंगडी कुत्री."

"आणि वाघ?"

ठमीने चिंधीच्या बाहुलीचं डोकं घट्ट धरलं.  मग हळूच म्हणाली, "वाघ बोलला नाय येनार. सगल्यांसमोर बोलला. नि मंग आला."

३

कार्तिकातलं धुकं डोळखांबच्या बाजूला सकाळी उशिरापर्यंत उठत नाही. शेणवे गावाच्या पुढे एस्टी अशी हळू चालली होती, जणू ड्रायव्हरही झोपेत होता. रंजिताने काचेला डोकं टेकलं. बाहेर कापलेली भातखाचरं, बांध, मधूनच एखादं ऐनाचं झाड धुक्यातून पुढे यायचं आणि परत जायचं. तिला वाटलं, बांधावरून एक वाघ चालत येतोय, सावकाश. त्याला विचारावं, बाबा रे, तू कुणाचा? तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली आणि वाघ विरून गेला.

भिमी खळ्यावर भात झोडत होती. तिशीची असेल, दिसायला चाळिशीची. रंजिताला बघून तिने पदर सावरला आणि रडायला लागली.

"मी नाय टाकली ताई पोरीला. नथूभावजी बोलले, कसाऱ्याला काम हाय, तू जा, पोर आमी बघतो. सनाला घरात काय तरी पायजे ना? म्हनून गेली."

"ठमी म्हणते, वाघाने मारलं."

भिमीचा हात जागच्या जागी थांबला. "ताई, त्याचा नाव नका घेऊ. उन्हं अजून वर नाय आली. जनावर बोला."

"जनावर?"

"आमी नाव घेत नाय. नाव घेतला की तो येतो. मोठा बोलतो, नायतर जनावर बोलतो."

रंजिताने मान हलवली आणि पुढे चालू लागली, पण हे बोलणं तिच्या मनात कुठे तरी अडकून राहिलं.

उन्हं वर आल्यावर तिने गोदू म्हातारीला गाठलं, तर ती मात्र वाघाचं नाव निघताच बोळक्या तोंडाने हसली. "अगो, आमचा वाघ तं धर्मा!" मग तिने सगळं साग्रसंगीत सांगितलं. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. रानात वाघोबाच्या दगडापुढे गुराखी जमतात, खीर शिजते. एकाला वाघ करतात, अंगाला राख, तोंडाला काजळी. सगळे त्याला घेरतात आणि विचारतात, आमच्या शिवारात येशील का? वाघ ओरडतो, नाय येनार! आमची गुरा धरशील का? नाय धरनार! असा शब्द घेऊन मग त्याला काट्याकुट्यांतून पळवून लावतात. वर्षानुवर्षं वाघ होतो तो धर्मा. पोरं त्याला एरवीही वाघ म्हणूनच चिडवतात.

रंजिताला ठमीचं बोलणं आठवलं. वाघ बोलला नाय येनार. सगल्यांसमोर बोलला.

परतीच्या वाटेवर नथू भेटला. त्याने चहा पाजला, मोठ्या आपुलकीने चौकशी केली. वाघबारशीचा विषय निघाला तसा आवाज खाली आणून म्हणाला, "तुमाला कलला तं सांगतोच. मी सोताच्या डोल्यांनी पाह्यला. यंदा धर्मा पिऊन वाघ झाला व्हता. पोरीच्या अंगावर धावला. मी मधी पडलो म्हनून तवा वाचली, पुढं त्यानंच गाठली असनार. पन म्हातारा मानूस, पाड्यातला. तोंड कसा उघडायचा?"

पाड्याच्या टोकाला एका मोडक्या पडवीत म्हातारा धर्मा बसला होता. एकटाच. डोक्यावर नुसते खुंट वाढलेले, ओठावर मिशीचा पत्ता नाही, डोळे लाल. त्याने रंजिताकडे बघून हात जोडले. तिने तोंड फिरवलं. असल्या माणसाशी बोलायचं तरी काय?

कोडं सुटलं होतं. ती थेट वसतिगृहात गेली, ठमीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "घाबरू नको हं. तो धर्मा आता तुला काही करणार नाही."

ठमीने तिच्याकडे पाहिलं. मग बाहुली खाली टाकली, भिंतीकडे तोंड केलं आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तर तिने बोलणंच सोडलं.

४

बैठक दोन दिवसांवर आली आणि रंजिताचं कशात म्हणून लक्ष लागेना. दुपारी क्लासच्या मुली घरी गेल्या. ती मशीनवर बसून राहिली. बाहेर ऊन पिवळंधमक, मशीनचा आवाज एकसुरी. पाय चालत राहिले आणि डोळे मिटत गेले.

बांधावरून वाघ आला. या वेळी तो जवळ आला, तिच्यासमोर बसला आणि त्याने हात जोडले. त्याचं डोकं भादरलेलं होतं. वाघाला मिशा नव्हत्या.

रंजिता दचकून जागी झाली. सुई कापड सोडून भलतीकडेच चालली होती. वाघाला मिशा का नव्हत्या?

अहो, धर्माला का नव्हत्या? म्हातारा माणूस एकदम डोकं आणि मिशी कधी उतरवतो? घरातलं कोणी गेलं की, दहाव्याला. आणि खुंट जेमतेम वाढले होते. म्हणजे दहावा दिवाळीच्या आगेमागेच झाला. मग बारशीला म्हातारा सुतकात होता! सुतकातला माणूस देवाच्या दगडासमोर पाऊल ठेवणार नाही, वाघ होणं तर दूरच.

एक टाका उसवला की पुढचे आपोआप सुटत जातात. रंजिताला भिमीचं बोलणं आठवलं. ज्याची भीती त्याचं नाव घ्यायचं नाही, भलतंच काहीतरी म्हणायचं. मग त्या पाड्यावरची पोर अख्ख्या गावासमोर "वाघ" असं स्वच्छ कसं म्हणाली? कारण तिला वाघाची भीती नव्हती. भीती होती दुसऱ्या कुणाची तरी. त्याचं नाव तिने गिळलं आणि त्याजागी वाघ म्हटलं. रीत तिने बरोबर पाळली होती, फक्त उलट्या बाजूने. आणि आपण शहाण्या, त्या पोरीला जाऊन धर्माचं नाव सांगितलं! ज्या आजाचं नाव ती बोरांसकट हौसेने घेत होती त्याचं. रंजिताला स्वतःचाच असा राग आला की तिने हातातलं कापड भिंतीवर फेकलं.

ठमीने त्या दिवशी कुणाकुणाची नावं घेतली होती? आई, गोदू, धर्मा, बैल, लंगडी कुत्रीसुद्धा. कोण राहिलं होतं?

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीने ती पाड्यावर पोचली आणि सरळ धर्माच्या पडवीत जाऊन बसली.

"बाबा, मी तुमच्याबद्दल वाईट मनात आणलं. चुकलं माझं."

"असू दे," धर्मा म्हणाला. "भाव गेला माझा, धाऊ. बारस तोंडावर नि हा गेला. मी घरातच बसून व्हतो. यंदा वाघ नाय झालो."

"मग कोण झालं?"

म्हाताऱ्याने बाहेर बघितलं. खळ्यावर माणसं होती. सगळ्यांच्या माना खाली गेल्या होत्या.

"पाड्यात समद्यांना ठाव हाय, ताई. पन आमची पोटा त्याच्या हातात हायेत. कामावर कोन न्यायचा, कोन ठेवायचा…"

"कुणाच्या हातात, बाबा?"

धर्मा उठला आणि आत गेला. दाराला कडी लावल्याचा आवाज आला.

५

शहापूरच्या एका जुन्या खोलीत समिती बसली. टेबलाशी अध्यक्षबाई, एका बाकावर नथू, भिंतीला टेकून भिमी, आणि रंजिताला चिकटून ठमी, हात गळ्यात अडकवलेला. ठमी अजून बोलत नव्हती. सही झाली की नथू तिला घेऊन जाणार होता. दारात जीपसुद्धा उभी होती. पाड्यावर जायला जीप कशाला लागते, हे रंजिताच्या मनात आलं आणि तिने ठमीला आणखी जवळ ओढलं.

"तुम्हाला काही बोलायचंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"नथूभाऊंना थोडं विचारायचंय." रंजिता म्हणाली. "भाऊ, वाघबारशीला तुम्ही काय पाहिलंत, ते बाईंना सांगा ना."

नथूला हेच हवं होतं. त्याने घसा खाकरला आणि सगळं पुन्हा सांगितलं. धर्मा पिऊन होता, वाघ झाला होता, पोरीवर धावला, आपण मधे पडलो.

"नक्की धर्माच होता? तोंडाला काजळी असते म्हणतात."

"आता मानूस वलखू येनार नाय का? वीस हात लांब बी नव्हता. धर्माच!"

"धर्माबाबांच्या घरी तेव्हा काय झालं होतं?"

नथूचा हिशेब साधा होता. शहरी बायांपुढे वाघ म्हणजे धर्मा एवढं बस होतं. घाईघाईत सांगताना धाऊचं मरण त्याच्या डोक्यातूनच गेलं होतं, आणि आता ते आठवत असताना सगळ्यांना दिसत होतं.

भिंतीकडून आवाज आला. "धाऊ गेला व्हता." भिमी उभी राहिली होती. "कसाऱ्याला निरोप आला व्हता मला. सुतक व्हतं त्यांच्या घरी. सुतकातल्या मानसाला वाघोबाच्या पुढं कोन वाघ करल? भावजी, तुमी काय बोलताय?"

"तू गप ऱ्हा गो!"

"नाय ऱ्हात. कोन झाला व्हता वाघ? सांगा ना! तुमी झालता?"

अध्यक्षबाईंना यातलं अर्धंच कळलं. रंजिताने मग सावकाश समजावलं. भीतीचं नाव न घेण्याची पाड्यावरची रीत, वाघाचा शब्द, ठमीने घेतलेली नावं आणि त्यात नसलेलं एकच नाव, ज्याच्या घरात ती राहते त्या काकाचं. "बाई, जो म्हातारा देवापुढे गेलाच नाही, त्याला यांनी डोळ्यांनी पाहिलं. खरा वाघ कोण हे झाकायची गरज पाड्यात एकालाच असणार, जो वाघ झाला होता त्याला. बारशीला सगळ्यांसमोर तो म्हणाला, नाय येणार. अमावास्येच्या आदल्या सांजेला काठी घेऊन आला."

"पोरीच्या बोलन्यावर?" नथू ताडकन उठला. "पोर तं येडी झालीय! वाघ काय, बारस काय! विचारा तिला, नाव घेते का माझा!"

ठमी रंजिताच्या पाठीमागे सरकली. रंजिताला तिचा श्वास कमरेजवळ लागत होता. अध्यक्षबाईंनी दाराशी उभ्या पोलिसाला खूण केली. नथूला बाहेर नेलं, दार लोटून घेतलं. 

"काठी कशाबद्दल उगारली, ते अजून कळलं नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "आणि पुढचं काय करायचं? मुलीला काय हवंय, ते तुम्हीच सांगा रंजिताताई. त्यासाठीच तुम्हाला नेमलंय."

रंजिता बोलायला उभी राहिली. केवढं तरी बोलायचं मनाशी जुळवून आणलं होतं तिने. पहिला शब्द काढणार तेवढ्यात तिच्या पदराला हिसका बसला.

"तू बस गो," ठमी म्हणाली. "मी सांगते."

रंजिता बसली.

ठमी टेबलापर्यंत चालत गेली. टेबल तिच्या हनुवटीला लागत होतं. "नथूकाकानं मारला," ती म्हणाली. नाव घेताना तिने डोळे गच्च मिटले आणि मग उघडले. "बोलला, ठान्याला एका बाईच्या घरी ऱ्हायचा, भांडी घासायची, पोर संभालायचा. मी बोलली नाय जानार. मंग मारला. बोलला, माझा नाव घेतलास तं तुझ्या आईला कुठंच काम नाय मिलनार."

भिमीने तोंडात पदर कोंबला.

"मग तुला कुठे राहायचंय बाळा?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

 ठमी वळली आणि आईसमोर जाऊन उभी राहिली.

"मला तुझ्यासंगं यायचंय," ती आईला म्हणाली. "पन तू मला इचारला नव्हता. ठेवून गेलीस. मी रोज वाटंवर बसायची. पुन्ना असा करायचा नाय."

 भिमी खाली बसली, पोरीच्या उंचीला आली. तिला पोरीला कवटाळायचं होतं, पण ठमी प्लास्टरचा हात मधे धरून तशीच उभी होती, उत्तराची वाट बघत.

"कामाला तं जावाच लागल गो," भिमी रडत रडत म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नाही. "पन तुला घेऊन जाईन."

ठमीने थोडा विचार केला. मग प्लास्टरचा हात बाजूला केला.